दवाखाना कोणाच्या ताब्यात? प्राथमिक आरोग्यसेवा प्रादेशिक सरकारकडे गेली की लोकांच्या तब्येतीचे काय होते

वस्तीत आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याची पहिली अडचण औषधाची नसते, डॉक्टरचीही नसते. अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा, ही पहिली अडचण असते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका साध्या प्राथमिक आरोग्य केंद्राचेच पाहा. केंद्र जिल्हा परिषदेचे. वैद्यकीय अधिकारी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सेवेतले. आरोग्यसेविका जिल्हा परिषदेच्या नोकरीत. कंत्राटी परिचारिका आणि आशाताई राष्ट्रीय आरोग्य अभियानातून. औषधांची मोठी खरेदी राज्य पातळीवरून. रुग्णाला पुढे पाठवायचे झाले तर ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या, म्हणजे पुन्हा राज्याच्या हाताखाली. आणि १०८ ची रुग्णवाहिका ठेक्यावर. यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, आणि दाखवतोच.

या गोंधळाला कंटाळून दोन उलट मागण्या नेहमी पुढे येतात. सगळे एकाच मोठ्या सरकारच्या हातात द्या, ही एक. सगळे गावाच्या हातात द्या, ही दुसरी. दोन्ही मागण्या जगात कुठे ना कुठे अमलात आलेल्या आहेत आणि त्यांचे परिणाम नोंदवले गेले आहेत. निवेदन लिहिताना, अभ्यासवर्गात चर्चा करताना तरुण कार्यकर्त्यांच्या हाताशी असावेत म्हणून ते अनुभव आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. 'प्रादेशिक सरकार' हा शब्द आम्ही ढोबळ अर्थाने वापरतो : गाव किंवा नगरपालिकेच्या वरचे आणि देशाच्या सरकारच्या खालचे. तो कुठे जिल्हा असतो, कुठे प्रांत, कुठे राज्य.

फिनलंड : नगरपालिकेकडून प्रदेशाकडे

या विषयाचे अलीकडचे सर्वांत मोठे आणि सरळ उदाहरण फिनलंडचे आहे. १९७२ च्या प्राथमिक आरोग्य कायद्याने तिथे प्रत्येक नगरपालिकेवर आरोग्य केंद्र चालवण्याची जबाबदारी टाकली. एकट्याने किंवा शेजारच्या नगरपालिकांशी मिळून, पण केंद्र चालवलेच पाहिजे. डॉक्टर, परिचारिका, बाळंतपणापूर्वीची तपासणी, लहान मुलांचे लसीकरण, शाळेतली आरोग्य तपासणी, म्हाताऱ्यांची काळजी, सगळे त्या केंद्रात. खर्च मुख्यतः नगरपालिकेच्या स्वतःच्या करातून आणि राष्ट्रीय सरकारच्या अनुदानातून.

याच वर्षी, १९७२ मध्ये, त्या देशाच्या पूर्वेकडच्या नॉर्थ कॅरेलिया भागात एक प्रकल्प सुरू झाला. तिथे कमावत्या वयाचे पुरुष हृदयविकाराने इतक्या मोठ्या प्रमाणात मरत होते की १९७१ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदतीची मागणी करणारे निवेदन दिले. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. हृदयरोगाचे मोठे रुग्णालय बांधण्यावर त्याचा भर नव्हता. आरोग्य केंद्रातल्या परिचारिका रक्तदाब मोजू लागल्या, गृहिणींच्या संघटना स्वयंपाकातले लोणी कमी करू लागल्या, दुधाचा धंदा अडचणीत येईल म्हणून ओरडणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीची लागवड सुचवली गेली. पुढच्या साडेतीन दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. योजना संपूर्ण प्रदेशाची होती आणि हात गावागावातल्या केंद्रांचे होते. पुढे येणाऱ्या चर्चेसाठी हे जोडकाम लक्षात ठेवावे.

मग नगरपालिकांकडून हे काम का काढून घेतले? कारण फिनलंडमध्ये तीनशेच्या वर नगरपालिका होत्या आणि त्यातल्या कित्येकांची लोकसंख्या पाच हजारांपेक्षा कमी. तरुण शहरात गेले, मागे म्हातारे राहिले, कर देणारे कमी आणि औषध लागणारे जास्त. रुग्णालयाचा खर्चही शेवटी नगरपालिकेच्याच खात्यावर पडत असे. त्यामुळे एखाद्या छोट्या गावात दोन-चार महागडे आजार निघाले तरी वर्षाचा हिशोब कोलमडत असे. श्रीमंत नगरपालिकेत डॉक्टर, गरीब नगरपालिकेत रांग, असे चित्र झाले.

त्याहून एक खोल भेद होता आणि आमच्या वाचकांना तो लगेच कळेल. फिनलंडमध्ये नोकरदारांना मालकाच्या खर्चाने वेगळी आरोग्यसेवा मिळते. तिथे पैसे लागत नाहीत आणि फार थांबावे लागत नाही. नगरपालिकेच्या केंद्रात रांग लावायची ती बेरोजगारांनी, निवृत्तांनी, सुट्या कामावरच्या लोकांनी. म्हणजे जगात समतेसाठी नावाजलेल्या देशातही डॉक्टरकडे लवकर पोहोचणारे लोक तुलनेने निरोगी आणि कमावते होते. ओईसीडीच्या तुलनात्मक अहवालांत हा दोष वारंवार दाखवला गेला.

बदल सोपा नव्हता. एकामागून एक सरकारांनी प्रयत्न केले आणि सोडले. २०१९ च्या मार्चमध्ये तर याच सुधारणेवर अडून पंतप्रधान युहा सिपिला यांच्या सरकारने राजीनामा दिला. अखेर २०२१ च्या जूनमध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून आरोग्य, समाजकल्याण आणि अग्निशमन सेवा २१ प्रादेशिक संस्थांकडे गेल्या. हेलसिंकी शहराची व्यवस्था तेवढी वेगळी राहिली. दोन लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांचा मालक एका दिवसात बदलला. या संस्थांच्या सभांसाठी २०२२ च्या जानेवारीत थेट निवडणूक झाली. मतदान झाले ४७.५ टक्के. लोकांना आपला नगरसेवक ओळखीचा होता, प्रदेशाचा सदस्य अजून कोणालाच माहीत नव्हता.

यात एक गोष्ट कायद्यातच घातली गेली होती, आणि आमच्या मते पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ तिथे आहे. या प्रादेशिक संस्थांना कर लावण्याचा अधिकार दिला नाही. सगळा पैसा राष्ट्रीय सरकारकडून. जबाबदारी प्रदेशाची आणि तिजोरीची किल्ली राजधानीत. पहिल्याच वर्षी सगळ्या संस्थांची मिळून तूट एक अब्ज युरोच्या वर गेली. तूट ठरावीक मुदतीत भरून काढण्याची कायदेशीर सक्ती असल्याने छोटी आरोग्य केंद्रे बंद करणे, दोन एकत्र करणे, तपासणी फोनवर आणि संगणकावर नेणे सुरू झाले. विरळ वस्तीच्या भागात केंद्र बंद होणे म्हणजे थंडीत पन्नास-साठ किलोमीटरचा प्रवास. गाडी नसलेल्या म्हाताऱ्या बाईसाठी त्याचा अर्थ 'नंतर बघू' असा होतो, आणि मधुमेहात किंवा रक्तदाबात 'नंतर बघू' याची किंमत काही वर्षांनी रुग्णालयात मोजावी लागते.

प्रतीक्षेच्या नियमाचे पाहा. २०२३ च्या सप्टेंबरपासून प्राथमिक सेवेत चौदा दिवसांच्या आत तपासणी मिळाली पाहिजे, असा नियम आला. त्याआधी ही मर्यादा तीन महिन्यांची होती. २०२५ च्या सुरुवातीपासून तेवीस वर्षांवरच्या सर्वांसाठी ती पुन्हा तीन महिन्यांवर नेली गेली. हा निर्णय प्रदेशांनी घेतला नाही, राष्ट्रीय सरकारने घेतला. बचत करायची होती. पण शिव्या खाल्ल्या त्या आरोग्य केंद्राच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने.

आकाराबद्दल एक खुलासा करायलाच हवा. फिनलंडची सगळी लोकसंख्या साधारण ५६ लाख. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. तिथला सर्वांत छोटा प्रदेश सत्तर हजारांच्या आतबाहेर आहे, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कार्यक्षेत्राएवढा. त्यामुळे 'प्रदेशाकडे दिले' हे वाक्य वाचून त्यात महाराष्ट्र राज्य बसवू नये. आपल्या मापाने ते फार तर तालुका आणि जिल्ह्याच्या मधले काहीतरी आहे.

मँचेस्टर : वरून खाली आलेला अधिकार

इंग्लंडमध्ये उलट दिशेने झाले. तिथली आरोग्यसेवा देशपातळीवरून चालते. २०१५ मध्ये ग्रेटर मँचेस्टर या शहरसमूहाशी करार झाला आणि २०१६ च्या एप्रिलपासून दहा स्थानिक संस्थांच्या, सुमारे २८ लाख लोकांच्या या प्रदेशाकडे आरोग्य आणि समाजसेवेच्या सुमारे सहा अब्ज पौंडांच्या वार्षिक खर्चाचे नियोजन आले. सोबत बदल घडवण्यासाठी ४५ कोटी पौंडांचा वेगळा निधीही मिळाला. जुना गिरणगाव, गरिबी, धुराची आणि तंबाखूची फुप्फुसे, इंग्लंडच्या सरासरीपेक्षा कमी आयुर्मान : अशी ही जागा.

याचा आरोग्यावरचा परिणाम मोजणारा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात आला. मँचेस्टरसारख्याच इतर भागांचे आकडे जुळवून, अधिकार मिळाले नसते तर मँचेस्टरचे आयुर्मान किती असते याचा अंदाज काढला गेला आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. प्रत्यक्षातले आयुर्मान अंदाजापेक्षा ०.१९६ वर्षांनी जास्त निघाले. म्हणजे माणशी सत्तर-बहात्तर दिवस. ऐकायला थोडे वाटते. पण ही सरासरी सगळ्या लोकसंख्येची आहे, आणि अवघ्या काही वर्षांतली. शिवाय फायदा सर्वत्र सारखा झाला नाही. जिथे उत्पन्न कमी आणि आयुष्य आधीच आखूड, तिथे तो जास्त दिसला. आम्हाला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण सहसा नवी सोय आली की आधी सुस्थितीतले लोक तिचा लाभ उचलतात आणि दरी वाढते.

असे का झाले असावे? अभ्यासकांनी कुठल्याही एका योजनेला श्रेय दिलेले नाही. पण त्या प्रदेशाच्या हातात दवाखान्यासोबत घरे, वाहतूक, म्हाताऱ्यांची सेवा, मुलांची शाळेसाठीची तयारी हे विषयही एकत्र आले होते. ओल धरलेल्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा दमा एकट्या डॉक्टरने बरा होत नाही, हे आपल्याकडच्या झोपडपट्टीत काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आणि पुन्हा, अधिकारांसोबत पैसाही आला. फिनलंडमध्ये जबाबदारी आली आणि पाठोपाठ कपात आली. मँचेस्टरमध्ये जबाबदारीबरोबर जादा निधी आला. दोन्हींना 'प्रादेशिक नियंत्रण' हेच नाव आहे.

इटलीचा अनुभव थोडक्यात. तिथे आरोग्यसेवा प्रदेशांकडे आहे आणि २००१ च्या घटनादुरुस्तीनंतर त्यांचे अधिकार आणखी वाढले. लोम्बार्डी आणि व्हेनेतो हे शेजारी प्रदेश, दोन्ही सधन. लोम्बार्डीने मोठ्या रुग्णालयांवर आणि खासगी सहभागावर भर दिला. व्हेनेतोने वस्तीपातळीवरचे सार्वजनिक आरोग्य विभाग टिकवून धरले. २०२० च्या फेब्रुवारीत कोविड दोन्हीकडे जवळजवळ एकाच दिवशी उघड झाला. व्हेनेतोतल्या वो नावाच्या सव्वातीन हजार वस्तीच्या गावात बहुतेक सगळ्यांची तपासणी झाली, ज्यांना लक्षणे नव्हती त्यांचीही. लोम्बार्डीत रुग्ण थेट रुग्णालयात लोटले आणि रुग्णालयेच संसर्गाची ठिकाणे बनली. लोकसंख्येची दाटी, प्रादुर्भावाची सुरुवात यांतही फरक होता, हे खरे. तरी एकाच कायद्याखाली दोन प्रदेश किती वेगळे वागू शकतात, हे इथे स्पष्ट दिसले.

फिलिपिन्स : तुकडे करून पाहिले, आता सांधत आहेत

गरीब देशाचा अनुभव आपल्याला जास्त जवळचा. फिलिपिन्सने १९९१ मध्ये स्थानिक शासन संहिता केली आणि पुढच्या दोन वर्षांत आरोग्य खात्याचे सुमारे ४५ हजार कर्मचारी स्थानिक संस्थांकडे गेले. गावपातळीवरची केंद्रे महापौराकडे. प्रांताची आणि जिल्ह्याची रुग्णालये गव्हर्नरकडे. देशात अशी दीड हजारांहून अधिक शहरे-गावे आहेत.

परिणाम काय झाला? महापौर आणि गव्हर्नर वेगवेगळ्या गटांचे असले की केंद्र आणि रुग्णालय यांचे बोलणे बंद. बाळंतपणात अडलेली बाई केंद्रातून रुग्णालयात न्यायची तर दोन वेगळ्या सरकारांची हद्द ओलांडायची. गरीब गावाला परिचारिकांचे कायद्याने ठरलेले भत्ते देणे जमेना, श्रीमंत गाव ते देई. मग अनुभवी परिचारिका कुठे जाणार? शहरात, नाहीतर परदेशात. लोकांना केंद्राच्या दारात सरळ मोठ्या रुग्णालयाचा रस्ता दाखवला जाऊ लागला आणि तिथे साध्या तापाच्या रुग्णांची गर्दी झाली. काही जागरूक गावांनी मात्र याच कायद्याखाली चांगली केंद्रे उभी केली.

२०१९ मध्ये त्या देशाने सार्वत्रिक आरोग्य कायदा केला. त्यात गावांची केंद्रे आणि प्रांताची रुग्णालये एका प्रांतव्यापी यंत्रणेत जोडण्याची तरतूद आहे, आणि तिच्यासाठी एक वेगळा आरोग्य निधी. अडीच दशकांपूर्वी तोडलेले दुवे पुन्हा जोडणे हेच या कायद्याचे मोठे काम आहे. पण महापौराच्या हातून नेमणुका आणि निधी सहजासहजी निघत नाहीत, हे कोणत्याही सरपंचाला विचारा.

ताबा बदलला की शरीरापर्यंत काय पोहोचते

ताबा बदलल्याने रक्तदाब वाढत किंवा कमी होत नाही. मध्ये काही पायऱ्या असतात आणि त्यातली सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे ओळखीचा माणूस. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच राहिला, त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण डॉक्टरशी एकच वर्षाचा संबंध असलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी होते. रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही बरेच कमी. आता प्रत्येक मोठी फेररचना काय करते? बदल्या करते. कंत्राटे बदलते. केंद्रे एकत्र करते. बारा वर्षे एकाच उपकेंद्रात असलेली आरोग्यसेविका दुसरीकडे जाते आणि कोणत्या घरात सासू सुनेला तपासणीला पाठवत नाही, हे तिच्याबरोबर जाते. ते कुठल्याच नोंदवहीत लिहिलेले नसते.

औषधांची पायरी वेगळी आहे. तिथे मोठी संस्था कामाची ठरू शकते. तमिळनाडूने १९९४ मध्ये राज्याचे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. खरेदी राज्यभरासाठी एकत्र, पण जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक. दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलतो आणि पासबुकातून रक्कम वजा होते. दर खाली आले आणि फळीवर औषध राहिले. महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. खरेदी रखडल्याच्या आणि तुटवड्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. शेवटी २०२३ मध्ये वेगळे खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापन करावे लागले. दोन्ही राज्यांत नियंत्रण वरच गेले होते. तमिळनाडूत मात्र काय हवे ते खालचा दवाखाना सांगत होता.

आपल्याकडे हा प्रश्न जातीचा का आहे

इथपर्यंतच्या उदाहरणांत 'स्थानिक' म्हणजे जवळचे, आपले, असे गृहीत धरले आहे. आपल्याला ते गृहीत धरता येत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. तो आपण पाणवठ्यांसाठी लक्षात ठेवतो. पण त्यात विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यांचाही उल्लेख होता. सार्वजनिक पैशातून चालणारे दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हे प्रांताच्या सभागृहाला ठरावाने सांगावे लागले, यातच सगळे आले. पुढे काय झाले ते महाडच्या निमित्ताने सर्वांना माहीत आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो ठराव स्वीकारला, अमलात आणला नाही, आणि १९२७ च्या सत्याग्रहानंतर ऑगस्टमध्ये रद्दही केला. प्रांताने दिले आणि गावाने अडवले.

बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला, तो याच अनुभवातून. दलितांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतीला अधिकार देणे म्हणजे त्यांना सवर्ण बहुसंख्येच्या हवाली करणे, असा त्यांचा मुद्दा होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याविषयी ते जे बोलले ते तर प्रसिद्धच आहे. त्याकडे खेड्याचा द्वेष म्हणून पाहणाऱ्यांनी १९३२ चे भाषण वाचावे. अधिकार कुठे असावा यापेक्षा अधिकार जिथे असेल तिथे आपला माणूस बसलेला असावा, हा त्यातला धागा आहे.

हे जुने झाले असे म्हणणाऱ्यांसाठी : घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा ग्रामीण अस्पृश्यतेवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची ती पाहणी. साधारण दर तीन गावांपैकी एका गावात आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे टाळत असल्याचे तिच्यात आढळले. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांवर केलेल्या अभ्यासात औषध देताना स्पर्श टाळणे हा सर्रास दिसणारा प्रकार होता. आरोग्यसेविका गावातली असणे ही नॉर्वेत जमेची बाजू. आपल्याकडे ती कोणत्या आळीतली आहे, हे विचारावे लागते.

महाराष्ट्रात आज

महाराष्ट्राने बळ दिले ते जिल्हा पातळीला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना राखीव जागा दिल्या, महाराष्ट्रात महिलांसाठी त्या निम्म्या झाल्या. म्हणजे १९३२ ची अट उशिराने का होईना, कागदावर पूर्ण झाली.

२०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका झाल्या नाहीत. प्रशासक आले आणि तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. कोणताही कायदा न बदलता, कुठलीही चर्चा न होता, प्राथमिक आरोग्यसेवा या काळात राज्य सरकारच्या ताब्यात गेली. कारण प्रशासक म्हणजे राज्याचाच अधिकारी. फिनलंडमध्ये यासाठी एक सरकार पडले. आपल्याकडे बातमीसुद्धा झाली नाही. राखीव जागेवरून निवडून आलेली बौद्ध वस्तीतली सदस्या जी एक फोन करून उपकेंद्राचे कुलूप उघडायला लावत असे, ती 'माजी' झाली. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान मिळण्यासाठी निवडून आलेली संस्था असावी लागते. तेही अडले.

शहरात याच काळात मुंबईसह मोठ्या महापालिकांवरही प्रशासक होते, म्हणजे महापालिकेचे दवाखानेही त्याच वाटेने गेले.

नियमांप्रमाणे सपाट भागात तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र. आदिवासी व डोंगरी भागात हे आकडे वीस हजार आणि तीन हजार. आपल्या भागातली लोकसंख्या आणि केंद्रे ताडून पाहणे हे कोणत्याही युवक मंडळाला एका रविवारी जमण्यासारखे काम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, हा फरक अनेकांना माहीत नसतो आणि खिडकीवर वाद होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला त्याचा उपयोग नाही.

मधल्या काळात महाराष्ट्राने एक वेगळा प्रयोगही करून पाहिला होता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी प्रश्नावली घेऊन उपकेंद्राला गुण देत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते तक्ते टांगले जात. परिचारिका कोणाच्या नोकरीत आहे यावर वाद घालत बसण्याऐवजी 'गेल्या महिन्यात ती या वस्तीत किती वेळा आली' हे विचारले जाई. पुढे निधी आटत गेला.

ज्यांना आज सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी काही दारे उघडी आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असायला हवी, आणि तिच्या निधीचा हिशोब ग्रामसभेत मागता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर कोण आहे हे विचारा. ती केंद्राच्या गरजेवर स्थानिक पातळीवर खर्च करू शकते. जिल्हा परिषदेत आरोग्य समिती ही कायद्याने ठरलेली विषय समिती आहे. तिच्या सभांचे इतिवृत्त माहिती अधिकारात मिळते. अर्ज करताना जन माहिती अधिकारी, आरोग्य विभाग, जिल्हा परिषद असा पत्ता घालावा. मार्च २०२२ च्या आधीच्या वर्षाचे इतिवृत्त आणि नंतरच्या प्रशासकीय ठरावांची प्रत, दोन्ही एकाच अर्जात मागावीत. आपल्या केंद्राचे नाव त्यात किती वेळा आले आणि कोणी काढले, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.